रथापुढची पेटी

४ जून १९३३, रविवार

वाचनालयात एका मासिकात लेख वाचला. वादकाने घरात एकटे न कुढता चार जणांत बसून वाजवावे, म्हणजे प्रगती होते, असे लेखकाचे मत. पटले. चार जणांची प्रगती व्हायलाच हवी. आजवर मी आपला घरात एकटाच वाजवत राहिलो, हा एक प्रकारचा स्वार्थ झाला.

जळगावी असताना पुस्तकावरून पेटी शिकलो. गुरू केला नाही. गुरू वेळेवर येत नाहीत आणि आले की पान मागतात. पुढे धुळ्याला कापसाच्या जीनमध्ये हेडक्लार्क झालो, तरी रोजची प्रॅक्टिस चुकवली नाही. माझ्याबरोबर आजवर दुसरे कोणी वाजवलेले नाही. त्यामुळे हात अगदी स्वच्छ राहिला आहे.

निश्चय: धुळ्याचे संगीत सुधारणे. दिवाळीपर्यंत.

५ जून, सोमवार

सुनंदाला निश्चय सांगितला. तिने विचारले, ते चार जण कोण, आणि त्यांना विचारले आहे का. बायकोच्या जातीला मोठ्या कामातली बारीक अडचण आधी दिसते.

मग म्हणाली, पांझरेपलीकडे देवपुरात रुपचंदच्या तेलघाण्यावर दर गुरुवारी दिवेलागणीला भजन असते. त्यांचा पेटीवाला रेल्वेत लागून भुसावळला गेला, जागा रिकामी आहे, पुलावरून गेले की डाव्या हाताला, आणि तिथे बसले की घरी यायला चांगला उशीर होतो. इतकी तपशीलवार माहिती तिच्याजवळ तयार होती याचे नवल वाटले.

८ जून, गुरुवार

गेलो. हमालाच्या डोक्यावर पेटी. घाण्यावर पेंडीचा वास, बैलाचा वास आणि तंबाखूच्या पिचकाऱ्या. संगीताची देवता इथे नाकाला पदर लावून येत असणार.

मंडळी अशी: रुपचंद स्वतः गातो. अभिमन पाटील मृदंग वाजवतो. वाजवण्याआधी त्याला कणीक लावतो आणि उरलेली कणीक आपल्याच धोतराला पुसतो. पंडित शिंपी आणि आणखी सहा-सात जण टाळ कुटतात.

पहिली अडचण. मी पांढरी एक या पट्टीत वाजवतो. पुस्तकातली सगळी गाणी पांढरी एकमध्येच दिली आहेत, छापून. रुपचंद गातो काळी तीनमध्ये. मी त्याला खाली यायची विनंती केली. तो एक ओळ खाली आला आणि पुन्हा वर गेला. गुरे संध्याकाळी गोठ्याकडे वळतात तसा.

दुसरी अडचण जास्त गंभीर. दुसऱ्या कडव्यात माझे बोट घसरले. मी अर्थातच थांबलो, मागे गेलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घरी मी असेच करतो. चूक तशीच टाकून पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा. मान वर करून पाहतो तो ही मंडळी चौथ्या कडव्यात. एकही माणूस थांबलेला नाही. रस्त्यात कोणी पडला तर लोक थांबतात.

अभिमन म्हणाला, "आमी बठ्ठा नासिकले पोचनूत भाऊसाहेब, नि तुम्ही आजून चाळीसगावले गाडीच बदली र्‍हायनात."

सगळे हसले. मीही हसलो. शिसारी आली होती, पण हसलो.

१५ जून, गुरुवार

मंडळाला डिसिप्लिन नाही. म्हणून आज दोन नियम जाहीर केले. सगळ्यांनी पांढरी एकमध्ये यावे. आणि कोणाचीही चूक झाली की सगळ्यांनी थांबावे व पुन्हा ध्रुपदापासून सुरू करावे.

रुपचंदने मान डोलावली. दुसरा पेटीवाला मिळेपर्यंत तो कशालाही मान डोलावील असे दिसते.

पूर्ण संध्याकाळ एका अभंगावर काढली. अभंग झाला नाही. ऐकायला आलेल्या बाया स्वयंपाकाचे निमित्त सांगून उठल्या. घाण्याचा बैल बसल्या जागी झोपला. शेवटी पंडित शिंप्याने अदबीने विचारले, की हा नियम दुसऱ्यांच्या चुकांनाही लागू आहे का, कारण आतापर्यंतचे सगळे थांबे भाऊसाहेबांचेच झाले. मी सांगितले, नियम सगळ्यांना सारखा आहे, आजचा योगायोग.

२२ जून, गुरुवार

थांबण्याचा नियम त्यांनी परस्पर मोडला. ठराव नाही, सूचना नाही. मी थांबतो, ते जातात. मी पुन्हा सुरू करतो तेव्हा ते आरतीला उभे असतात.

मात्र रुपचंद अखेर पांढरी एकवर आला. त्याचा आवाज घोगरा झाला आहे, विहिरीतून हाक मारावी तसा येतो. सुधारणा दिसू लागली.

२९ जून, गुरुवार

मोठी बातमी. बोरखेडे गावच्या बालाजीचा रथ दसऱ्यानंतरच्या एकादशीला निघतो. रथापुढे चालणाऱ्या त्यांच्या भजनी मंडळात भांडण होऊन दोन तट पडले, म्हणून पंचांनी यंदापासून तो मान आमच्या मंडळाला दिला. रुपचंदचा बाप या मानासाठी बोरखेड्याला खेटे घालून घालून मेला. बातमी सांगताना रुपचंदने डोळे पुसले. घाण्यावर धूळ फार.

बोलावणे माझ्या पेटीमुळे आले हे उघड आहे, कोणी बोलून दाखवले नाही इतकेच. मी तिथेच सांगून टाकले की गळ्यात पट्टा घालून पेटी मी स्वतः वाजवणार. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आनंद असा एकदम पचत नाही.

नंतर रुपचंदने मला बैलाच्या पलीकडे नेऊन समजावले. रथापुढे थांबता येत नाही. रथाला ब्रेक नसतो, आणि एकदा हलला की तो मागे घेत नाहीत. तशी रीत आहे. चूक झाली तर होऊ द्यावी, नुसता भाता हलवत चालावे, पण चालावे. एवढे जमले तर पेटी तुमची, नाही तर मंडळाची अब्रू जाईल आणि हा मान पुन्हा या जन्मी मिळायचा नाही. मी म्हटले, मी काय लहान आहे?

घरी येताना पुलावर हँडबिलाचा मजकूर सुचला. 'सोलो हार्मोनियम: प्रो. कोठावदे.' भजनी मंडळाचे नाव खाली, लहान टाइपात.

१७ जुलै, सोमवार

रुपचंदचा घसा बसू लागला असे पंडित सांगत होता. म्हणून मन मोठे करून काळी तीन शिकायला घेतली.

१८ जुलै, मंगळवार

काळी तीन सोडली. बोटात गोळा येतो. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. आज काळी तीन दिली तर उद्या काळी चार मागतील.

रुपचंदसाठी ज्येष्ठमध पाठवला.

३० जुलै, रविवार

शेजारी कानबाई बसली. नारळाची देवी, नथ घातलेली. वाड्यातल्या सगळ्या बाया गाणी म्हणायला जमल्या. म्हटले, चार जणांत बसायची आणखी एक संधी. पेटी घेऊन गेलो.

बायांना पट्टी कशाशी खातात ते ठाऊक नाही. प्रत्येक कडवे आधीच्याहून थोडे वर. एक थकली की दुसरी उचलते, मध्ये श्वासाइतकीही फट नाही की माणसाने शिरावे. मी सात वेळा सुरू केले. एका म्हातारीने सुनंदाला विचारले, तुझा नवरा पेटी वाजवतो आहे की दुरुस्त करतो आहे. सुनंदाने उत्तर द्यायला हवे होते. ती पदरात तोंड घालून बसली.

प्रसादाचा रोट मात्र चांगला झाला होता असे ऐकतो. तो ज्याच्या त्याच्या भाऊबंदांनीच खायचा असतो. मला रिकामा परत पाठवला.

३ सप्टेंबर, रविवार

दिवस कमी उरले. गळ्यात पेटी अडकवून घरातल्या घरात चालायची प्रॅक्टिस सुरू केली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत बरोबर अर्धे कडवे होते.

मागून रथ येतो आहे अशी सवय व्हावी म्हणून सुनंदाला रथ हो म्हटले. ती भरलेली घागर घेऊन माझ्यामागून निघाली. ओसरीत माझे बोट घसरले. थांबलो. घागर पाठीवर आली. मी म्हटले, रथ असा अंगावर येत नसतो. ती म्हणाली, असाच येतो.

पेटीच्या भात्यात पाणी गेले. दोन दिवस उन्हात.

१७ सप्टेंबर, रविवार

न थांबण्याची प्रॅक्टिस. चूक झाली तरी पुढे जायचे. जमते. अट एवढीच की चूक होता कामा नये.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. बोरखेडे.

तीन बैलगाड्यांतून आलो. रस्ता म्हणजे शिक्षा. अभिमनने वाटभर तंबाखू मळली आणि वाऱ्याने ती माझ्या कोटावर आली. जेवणात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि तेल. ठेच्याने कानात शिट्टी वाजली, तीही पांढरी एकमध्ये नव्हती.

रथ पाहिला. तीन माळ्यांचा, लाकडी, चाके माणसाच्या छातीपर्यंत. गाव दोर ओढते. वळवायला आणि थांबवायला काय, तर मोगरी: एक लाकडाचा ठोकळा, दांडा लावलेला. चाकापुढे तो सरकवायचा. भिकन नावाचा एक आडदांड इसम हे काम करतो आणि त्या ताठ्यात कोणाला नमस्कार करत नाही. त्याने सांगितले की रथ कुठेही थांबत नाही. ज्या घरांना मान आहे त्याच दारांशी थांबतो, बाकीच्यांनी चालत्या रथाला ओवाळायचे. कोणाचे दार मानाचे, यावरून गावात पूर्वी डोकी फुटलेली आहेत. म्हणून मोगरी कुठे लावायची ते पंच ठरवतात आणि भिकन लावतो.

रुपचंद जेवला नाही. तीन-तीनदा येऊन मला विचारून गेला, थांबणार नाही ना. तिसऱ्यांदा मी उत्तर दिले नाही. अपमानाला मर्यादा असते.

३० सप्टेंबर, शनिवार. बोरखेडे, दुपार.

लिहून ठेवतो, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

सुरुवात उत्तम. रथ हलला, गुलाल उधळला, मी पट्टा आवळला. पहिल्या गल्लीत एकही चूक नाही. दुसऱ्या गल्लीत एक, पण त्या वेळी ढोल वाजत होते, म्हणून धरली नाही. रुपचंद मागे वळून वळून माझ्याकडे पाही आणि त्याचा चेहरा उजळत जाई.

तिथेच बिघडले. आनंदाने त्या माणसाचे भान सुटले. पहिल्या मानाच्या दाराशी आरती झाली, रथ पुन्हा निघाला, आणि रुपचंदने बालाजीकडे पाहून जो सूर लावला तो थेट काळी तीन. इतक्या महिन्यांची शिस्त एका क्षणात पाण्यात. सगळे मंडळ त्याच्यामागे वर गेले. मी पांढरी एकवर उभा राहिलो. कोणीतरी राहायला हवे.

अशा गोंधळात बोट घसरले. हात थांबला. हाताबरोबर पाय थांबले. आणि ओळ पहिल्यापासून घ्यायची म्हणून मी दोन पावले मागेही आलो. हे मुद्दाम केले नाही. सवय आहे.

मंडळ पुढे निघून गेले. मागून आरडाओरडा झाला तो मला शाबासकीचा वाटला. मी ध्रुपद घेतले. तेवढ्यात पाठीशी मोठा कर्रकन आवाज झाला, वरचा कळस झुलला, आणि वळून पाहतो तो चाक माझ्यापासून हातभर अंतरावर. भिकन मोगरीवर आडवा पडलेला. रथ थांबला होता. चाक गटाराच्या चिखलात रुतले होते.

मी ओळ पूर्ण केली. दुसऱ्या वेळी ती बिनचूक आली. याची नोंद कोणी घेतली नाही.

मागे घ्यायची रीत नाही, पुढे चिखल. गावाने खांदे लावले, दोर तुटला, दुसरा आणला. ऊन डोक्यावर आले. भिकन चिखलाने माखलेला उठून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आते मोगरी कसाले? भाऊसाहेबनी पेटी ठेवा चाकखाले, रथ जागावरच थांबी."

यावर त्या गावात जे हसणे झाले ते मी इथे लिहीत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. रथ थांबला ते दार यशोदाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेचे. त्या दाराला मान नाही. ती बिचारी चालत्या रथाला ओवाळायला म्हणून उंबऱ्यात उभी होती, तो देव समोर येऊन उभाच राहिला. तिने सावकाश ओवाळले, नारळ फोडला, घरात जाऊन पुन्हा काहीतरी आणले, पुन्हा ओवाळले. मग चिखल तुडवत माझ्याकडे आली.

"मी परनी उनू तवयपाईन देव मना दारले कधी थांबना नही," ती म्हणाली; लग्न होऊन या घरी आल्यापासूनची गोष्ट. "देव करो नि तुमना हात असाच चुकत र्‍हावो."

एवढ्या जमावात संगीत कळणारी ती एकटीच.

पण शेजारच्या घरवाल्याने लगेच विचारले की हिच्या दाराला मान मिळाला, मग आमच्या दाराला का नाही. समोरच्याने त्याला आईवरून शिवी दिली. रथ निघाला तेव्हा पंच देवाकडे पाहत नव्हते, एकमेकांची गचांडी धरायला निघालेल्यांना आवरत होते. पुढच्या साली या गल्लीत किती दारांशी थांबायचे यावर आता वाद चालू आहे. ऐकू येतो आहे.

रुपचंद ओट्यावर बसून आहे. पाणी दिले, घेतले नाही.

१ ऑक्टोबर, रविवार. धुळे.

परतलो. अभिमन वाटेत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. थट्टाही केली नाही. आदर असावा.

सुनंदाला हकीकत सांगितली. यशोदाबाईचा भाग दोनदा सांगितला. ती म्हणाली, आणि रुपचंदभाऊ? मी म्हटले, त्याचे काय? ती उठून गेली.

झोप लागत नाही. ठेचा.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज भजनाला जायचे नाही असे ठरवले. आधी त्यांनी माफी मागावी. पट्टी रुपचंदने सोडली, मी नाही.

दुपारी रुपचंदच घरी आला. माफीचे शब्द सुचत नसतील म्हणून मी खुर्ची दिली. तो जमिनीवर बसला. बोरखेड्याच्या पंचांनी मान काढून घ्यायचे ठरवले होते. हा काल तिथे पायी गेला, एकेकाच्या पायावर डोके ठेवले. अखेर ते म्हणाले, मंडळ येऊ दे, पण रथापुढे पेटी नको. पुढे कधीच नको. अभिमन आणि पंडित म्हणत होते की भाऊसाहेबांना निरोप पाठवावा आणि विषय संपवावा. रुपचंदने ऐकले नाही, स्वतः आला.

म्हणाला, "तुम्ही मंडळमा र्‍हावा भाऊसाहेब. पेटी घर र्‍हाऊ द्या."

मी म्हटले, विचार करून कळवतो. त्याने चहा घेतला, आणि जाताना ज्येष्ठमधाची पुडी परत ठेवून गेला. आता लागत नाही म्हणाला.

मग मी चांगला वेळ पेटीसमोर बसून होतो. वाजवली नाही. सुनंदाने कधी नव्हे ते आपणहून विचारले, जेवायला वाढू का. कसली घाई आहे हिला.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो. कळवण्याइतका वेळ नव्हता म्हणून सरळ गेलो. रुपचंदने जोडीचे टाळ हातात दिले. मागची ओळ, अभिमन आणि बैल यांच्या मधोमध. टाळ म्हणजे काय, दोन वाट्या. हेडक्लार्कच्या हातात दोन वाट्या.

रुपचंद काळी तीनमध्ये गात होता. टाळाला पट्टी नसते, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. दुसऱ्या कडव्यात चुकलो. नेहमीप्रमाणे थांबलो. अभिमनने मृदंग न सोडता कोपराने ढोसले.

"चुकनं ते चुकनं. पुढे चाला."

गेलो पुढे. मागे जायला जागाही नव्हती, बैल होता. आणि मग तिसऱ्या-चौथ्या कडव्यात कधीतरी माझा टाळ कोणता आणि पंडितचा कोणता ते मला ऐकू येईना. सगळ्यांचा मिळून एकच आवाज, आणि तो मी आत असताना चालला होता. अंगावर काटा आला. रुपचंदने वळून माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यांदाच पुन्हा पुन्हा न पाहता पुढे वळला.

घरी येताना पुलावर थांबून नीट विचार केला, तेव्हा हा प्रकार किती भयंकर आहे ते लक्षात आले. माझी एवढी मोठी चूक, आणि एका अभिमनखेरीज कोणाला कळू नये? असल्या ठिकाणी माणूस चुका पचवायला शिकतो. माझे टाळ मला वेगळे ऐकू येईनात, म्हणजे कानसुद्धा गेला. गोड लागते आहे हेच वाईट लक्षण. चार जणांत बसून हात बिघडतो, हे त्या मासिकाला कळवायला हवे.

निश्चय: टाळ घरी आणले आहेत. पूर्ण तयारी होईपर्यंत एकट्यानेच वाजवणार. देवपूर बंद.

सुनंदाला सांगितले. ती म्हणाली, मग पुढच्या गुरुवारपासून मी भजनाला जाते. मी तिला आठवण करून दिली की तिथे मी नसणार. म्हणाली, म्हणूनच.